नववीची जागा कोण मोजतो?

पहिलीच्या प्रवेशाची बातमी होते. आरटीईची सोडत निघाली की पालकांच्या मुलाखती छापून येतात. अकरावीचे कटऑफ तर महिनाभर घरोघर चर्चेत असतात. या दोन्हींच्या मध्ये आणखी एक प्रवेश असतो, आठवीतून नववीत जाण्याचा. त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. मूल शाळेत आहे, पुढच्या वर्गात जाईलच, असे आपण धरून चालतो. ज्या गावात दोन-तीन पिढ्या तीच घरे आहेत तिथे हे खपून जाते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात खपत नाही. इथे जून उजाडला की मराठवाड्यातून कामासाठी आलेला बाप मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला घेऊन शाळाशाळांत विचारत फिरतो आणि 'नववीच्या तुकड्या भरल्या' हे उत्तर ऐकतो. त्या मुलीसाठी बाक लागणार हे किती वर्षे आधी कळू शकते, ते कोणी काढायचे आणि कशावरून, हे नीट उलगडून पाहण्यासारखे आहे.

आधी जबाबदारी कोणाची ते पाहू, कारण बाकीचे सगळे तिथे अडते. शिक्षण हक्क कायदा (आरटीई) २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो ६ ते १४ वयाच्या मुलांना पहिली ते आठवीची हमी देतो. या वयातल्या मुलाला दाखला नाही म्हणून शाळेला परत पाठवता येत नाही. नववीला ही हमी संपते. महानगरपालिकांच्या अधिनियमातही हीच रेघ आहे. कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये दिली आहेत, त्यांत प्राथमिक शिक्षण येते. माध्यमिक शिक्षण कलम ६६ च्या ऐच्छिक कामांत मोडते. याचा परिणाम शहरात डोळ्यांना दिसतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या प्राथमिक शाळा शंभरावर आहेत, माध्यमिक शाळा त्यांच्या पावपटही नाहीत. इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात गेले की प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, साधारण सातवी-आठवीपर्यंतच्या. पुढचे वर्ग शिक्षणसंस्थांचे. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण वाढले तेच मुळी संस्थांच्या बळावर. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हापासूनची ही रीत आहे आणि तिने राज्याचे फार भले केले. पण कोणतीही संस्था आपल्या शाळेतल्या जागा मोजते, पट्ट्यातल्या मुलांची मोजणी तिच्याकडे नसते.

इंग्लंडमध्ये हे काम कोणाचे ते कायद्यात लिहिलेले आहे. तिथल्या १९९६ च्या शिक्षण कायद्याच्या चौदाव्या कलमाने प्राथमिक आणि माध्यमिक, दोन्ही शाळा पुरेशा असण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आहे. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत कोणत्या भागात किती मुले येतील याचा अंदाज प्रत्येक परिषदेला काढावाच लागतो. आपल्याकडे असा अंदाज काढायला बंदी कोणीच घातलेली नाही. लागणारी बहुतेक माहिती सरकारी कपाटांत आणि संगणकांत पडून आहे.

सर्वांत सोपी रीत लोकसंख्येवरून काढण्याची. केंद्राच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत दर ७,५०० वस्तीमागे सहावी ते बारावीची एक शाळा, तिच्यात १,००० मुले आणि तिला १.८ हेक्टर जागा असे माप आहे. त्यातली बरीचशी जागा मैदानाची. या मापाच्या पोटात एक गृहीत आहे. सात इयत्तांना हजार मुले म्हणजे एका इयत्तेला वस्तीच्या सुमारे १.९ टक्के. लाख वस्तीत नववीची १,९०० आणि दहावीची तितकीच. वर्गखोलीत ४० मुले हे राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाचे माप धरले तर फक्त या दोन इयत्तांना ९५ खोल्या लागतात. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची वस्ती सुमारे १७.३ लाख होती. त्या हिशेबाने तेव्हाच २३० शाळा आणि ४०० हेक्टरांहून अधिक जमीन लागत होती.

असे आकडे डोळे उघडायला बरे, पण नियोजनाला पुरत नाहीत. पहिली अडचण म्हणजे वस्तीचा आकडाच शिळा आहे. हे शहर कसे वाढले ते पाहा. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसी आली, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. १९९७ मध्ये भोवतालची गावे हद्दीत आली, २००९ मध्ये ताथवडे आले. १९९१ मध्ये पाच लाखांवर असलेली वस्ती २००१ मध्ये दहा लाखांवर गेली आणि पुढच्या दहा वर्षांत सत्तर टक्क्यांनी वाढली. हा वेग वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या आसपास पडतो. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता होते आहे ती २०२७ ची. म्हणजे आज नववीत बसलेले मूल मागच्या जनगणनेत एक तर तान्हे होते किंवा जन्मलेलेही नव्हते, आणि बहुधा त्याचे आईवडील तेव्हा दुसऱ्याच जिल्ह्यात मोजले गेले होते.

दुसरी अडचण सरासरीची. लाख वस्ती वाकडची आणि लाख वस्ती चाकणभोवतीची, दोन्हींत मुलांची वये सारखी नसतात. म्हणून जाणकार वस्तीवरून मुले काढण्याऐवजी मुलांवरूनच मुले काढतात. ही रीत समजायला अवघड नाही. यंदा सातवीत किती आहेत आणि पुढच्या वर्षी आठवीत किती झाली, याचे प्रमाण काढायचे. समजा एका भागात सातवीत १,००० मुले होती आणि वर्षभराने आठवीत १,०४० मोजली गेली. तर सातवी-आठवीचा गुणक १.०४. बाहेरून येणारे जास्त आणि गळणारे कमी, म्हणून तो एकाच्या वर आहे. असे गुणक तीन-चार वर्षांचे काढून त्यांची सरासरी घ्यायची आणि आजच्या प्रत्येक इयत्तेला पुढे सरकवत न्यायचे. आज पाचवीत असलेली मुले चार वर्षांनी नववीत किती असतील, हे असे काढता येते. अंदाज चार वर्षे आधीचा असतो आणि शाळेची इमारत उभी राहायलाही जवळपास तेवढाच काळ लागतो.

आकडे कुठून आणायचे? दरवर्षी ३० सप्टेंबरची पटसंख्या यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-पोर्टलवर जाते, इयत्तावार, माध्यमवार, शाळावार. अलीकडे तिथे प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद असते आणि त्याला कायमचा क्रमांक मिळतो. तेव्हा ही बेरीज-वजाबाकी एका संगणकावर एका माणसाला करता येईल.

या रीतीत एक सापळा मात्र आहे आणि तो आठवी-नववीच्या सांध्यातच आहे. समजा आठवीत १,००० मुले होती आणि नववीत ९३० निघाली. कागदावर गुणक ०.९३. नियोजन करणारा म्हणेल, नववीला जागा कमीच लागतात. प्रत्यक्षात १२० मुलांनी शाळा सोडलेली असते आणि ५० नवी आलेली असतात. त्या १२० पैकी काहींना जागाच मिळालेली नसते. जागा नाही म्हणून मूल पटावर नाही, पटावर नाही म्हणून अंदाजात नाही, आणि अंदाजात नाही म्हणून चार वर्षांनीही जागा नाही. मागच्या पटावरून पुढचा अंदाज काढणारी कोणतीही रीत अशा ठिकाणी जुनी टंचाईच पुढे नेते. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत गंभीर मुद्दा वाटतो, कारण इथे कोणी चुकीचे वागत नाही आणि तरी मूल शाळेबाहेर राहते.

यावर उपायही त्याच नोंदींत आहे. एका शाळेने विद्यार्थ्याचे नाव कमी केले की यू-डायसवर ते 'ड्रॉपबॉक्स'मध्ये जाते आणि दुसऱ्या शाळेने उचलेपर्यंत तिथेच राहते. शाळेचे कारकून आणि केंद्रप्रमुख हा शब्द रोज वापरतात. जूनमध्ये आठवी झालेली आणि ऑगस्ट संपेपर्यंत कुठल्याही नववीत न दिसलेली नावे तिथून काढली तर खरी मागणी दिसू लागते. काही गावाकडे परतली असतील, काहींनी पुढे १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला बाहेरून बसायचे ठरवले असेल, काही वर्कशॉपमध्ये हाताखाली लागली असतील, काही मुली घरी धाकट्या भावंडांना सांभाळत असतील. प्रत्येक नावामागे एक फोन करायला हवा. ही यादी वॉर्डवार काही शेकड्यांची असेल, अशक्य अशी नाही.

आणखी एक गट तर आधीच मोजता येतो. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांवर महाराष्ट्रात २०१२-१३ पासून मुले पहिलीत जाऊ लागली. ती २०२०-२१ मध्ये नववीत पोचली, आणि नववीत आरटीईची फीमाफी संपते. त्या वर्षापासून दरवर्षी एक तुकडी अशी निघते की जिच्या पालकांपुढे एकदम पूर्ण फीचे चलन येते. काही कसेबसे भरतात, काही दाखला काढून परवडणाऱ्या शाळेच्या शोधात निघतात. ही मुले कोण, कुठे राहतात, कोणत्या माध्यमात शिकतात, हे आठ वर्षे सरकारी पोर्टलवर असते. इतक्या आधी कळलेली मागणी दुसरी कुठलीच नसेल.

आठ वर्षांच्या पलीकडचा, म्हणजे दहा-बारा वर्षे पुढचा अंदाज हवा असेल तर जन्मनोंदीपर्यंत मागे जावे लागते. इथे आपल्या चालीरीती आड येतात. जन्माची नोंद जिथे प्रसूती झाली तिथे होते, आणि पहिले बाळंतपण माहेरी. मोशीत राहणाऱ्या सुनेचे बाळ उदगीरला नोंदले जाते आणि तिसऱ्या महिन्यात मोशीला येते. उलट मावळ-खेडमधून संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयात बाळंतपणाला आलेल्या बाईचे बाळ पालिकेच्या नोंदीत येते आणि गावी परतते. म्हणून इथे जन्मनोंदीपेक्षा अंगणवाडीच्या आणि लसीकरणाच्या याद्या अधिक कामाच्या. आशाताई आणि अंगणवाडीसेविका घरोघर जाऊन जे लिहितात, त्यात मूल आज जिथे राहते तिथेच सापडते.

आता घरे. शाळेला लागणाऱ्या मुलांचा सर्वांत आधी मिळणारा सुगावा बांधकाम परवानगी विभागात असतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की वर्षा-दोन वर्षांत घरे भरतात. पण घर कोणाचे यावर सगळे अवलंबून आहे. वाकड, पुनावळे, रावेतच्या संकुलांत नवी जोडपी येतात. त्यांचे मूल बालवाडीतले असते आणि माध्यमिकची गरज दहा वर्षांनी येते. चिखलीच्या घरकुल योजनेत किंवा बोऱ्हाडेवाडीच्या पंतप्रधान आवास योजनेत चाळीत आणि झोपडपट्टीत वर्षे काढलेली कुटुंबे येतात. त्यांची मुले आधीच सहावीत, आठवीत, दहावीत असतात. चाव्या मिळाल्या की पुढच्याच जूनला माध्यमिकच्या जागा लागतात आणि त्याही एका कोपऱ्यात, एकदम. शंभर घरांमागे प्रत्येक इयत्तेची किती मुले, हे माप अशा दोन्ही वस्त्यांत एकदा दारोदार जाऊन काढावे आणि तेच पुढच्या योजनांना लावावे. बाहेरून आणलेले माप इथे लागू पडणार नाही.

चाकणची गोष्ट वेगळीच. शतक बदलता बदलता बजाजचा कारखाना आला, २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या, मागोमाग महिंद्र, आणि सुट्या भागांचे असंख्य पुरवठादार. एमआयडीसीच्या हद्दीत नियोजन एमआयडीसी करते आणि ते मुख्यतः भूखंड, रस्ते, पाणी, वीज यांचे असते. कामगार मात्र हद्दीबाहेर राहतो. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, खराबवाडी इथे शेतकऱ्यांनी बांधलेल्या खोल्यांच्या ओळी आहेत. आधी एकटा तरुण येतो, चौघांत खोली घेतो. कंत्राट दोन-तीनदा पुढे सरकले, ओळख झाली, की कुटुंब आणतो. तोवर मूल मधल्या इयत्तेत असते. म्हणून या गावांत पहिलीच्या पटावरून सहावी-नववीचा अंदाज बांधला तर तो दरवर्षी कमी पडेल. शिवाय भाड्याच्या खोलीला भोगवटा प्रमाणपत्राचा आधार नसतो. इथे कुटुंबे मोजायची तर ग्रामपंचायतीची घरपट्टी, घरमालकांनी पोलिसांना दिलेली भाडेकरूंची माहिती आणि कंपन्यांच्या कंत्राटदारांकडच्या याद्या एकत्र पाहाव्या लागतील. पोलिसांचे उदाहरण मुद्दाम देतो. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय झाले तेव्हा चाकण, आळंदी त्यात घेतले, कारण हा सगळा पट्टा एक आहे हे पोलिसांना मान्य करावे लागले. शाळांच्या बाबतीत मात्र अजून पालिकेचा शिक्षण विभाग अलीकडे, खेडचे गटशिक्षणाधिकारी पलीकडे आणि माध्यमिकच्या मान्यता जिल्ह्याच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अशी वाटणी आहे. मोशीतली मुले आणि पुलापलीकडच्या चिंबळीतली मुले एका बेरजेत कधी येतच नाहीत.

मुलांचा अंदाज निघाला तरी काम निम्मेच झाले. आता जागा मोजायच्या, आणि प्रत्येक रिकामा बाक प्रत्येक मुलाच्या उपयोगाचा नसतो. अकरावीत हे दरवर्षी दिसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये हजारो जागा रिकाम्या राहतात आणि तरीही मुले मनासारख्या प्रवेशासाठी फेऱ्यांमागून फेऱ्या थांबतात. नववीत हे जास्त जाचक होते, कारण मूल लहान असते आणि घर गरीब. मराठी माध्यमाची रिकामी जागा हिंदी किंवा उर्दू माध्यमात आठवीपर्यंत शिकलेल्या मुलाला चालत नाही. स्वयंअर्थसहाय्यित शाळेची जागा कंत्राटी कामगाराच्या हिशेबात धरताच येत नाही. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर अशा शाळा भराभर निघाल्या, त्यामुळे शहरातल्या एकूण जागांचा आकडा मोठा दिसतो आणि टंचाई झाकली जाते.

अंतराचेही तसेच. माध्यमिक शाळा पाच किलोमीटरच्या आत हवी असे केंद्राच्या योजनेचे माप. ते नकाशावर परकाराने काढले जाते. पुणे-नाशिक महामार्ग किंवा चाकणचा तळेगाव चौक कंटेनरच्या रांगेतून ओलांडायचा असेल तर दोन किलोमीटरही फार होतात, आणि ते आधी मुलीला फार होतात. नकाशावर महामार्ग, नदी आणि लोहमार्ग यांना भिंत मानून शाळेचा परिसर आखला तर पुरेशा वाटणाऱ्या कितीतरी जागा त्या मुलांसाठी नसल्यासारख्या होतील.

खोल्या कमी असल्या की दोन सत्रांचा मार्ग आपल्याकडे जुना आहे. सकाळी लहान मुले, दुपारी मोठी, त्याच खोल्यांत. ८ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितले. लहान मुलांच्या झोपेसाठी तो योग्यच आहे. पण एका इमारतीत प्राथमिक आणि माध्यमिक दोन्ही असतील तर मोठ्यांना सकाळी आणावे लागते किंवा खोल्या वाढवाव्या लागतात. जागांचा हिशेब करणाऱ्याने ही वेळही हिशेबात घ्यायला हवी, नुसत्या खोल्या मोजून चालणार नाही.

आणि शिक्षक. पदे ठरतात संच मान्यतेने. त्या वर्षीच्या पटावर पुढची पदे मिळतात. स्थिर गावात हे ठीक. वर्षाला साडेपाच टक्के वाढणाऱ्या ठिकाणी हजार मुलांच्या शाळेत पुढच्या जूनला १,०५५ मुले असतात आणि शिक्षक हजारांचेच. एक पूर्ण तुकडी कायम शिक्षकाविना. त्यात आधार जुळलेली मुलेच मोजली जातात. परराज्यातून आलेल्या मुलाच्या आधारवर नावाचे स्पेलिंग वेगळे, जन्मतारीख वेगळी, म्हणून ते वर्गात बसलेले असूनही मोजणीत नसते. जिथे स्थलांतर जास्त, तिथेच पट कमी दिसतो. बाहेरून मुले येणाऱ्या भागांसाठी संच मान्यता पुढच्या जूनच्या अंदाजावर द्यावी आणि फरक सप्टेंबरमध्ये जुळवून घ्यावा, अशी मागणी मुख्याध्यापक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी जोर लावून करायला हवी.

शेवटी जमीन, कारण ती गेली की परत येत नाही. विकास आराखड्यात शाळेचे आरक्षण टाकले म्हणजे शाळा झाली असे नाही. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक खरेदी सूचना देतो, आणि त्यापुढे २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. शाळेसाठी ठेवलेल्या जागेवर इमारत उभी राहते आणि त्या इमारतीतल्या मुलांना शाळा लागते. हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) देऊन किंवा मालकाकडूनच बांधून घेऊन जागा मिळवण्याच्या तरतुदी आहेत. त्या वापरायच्या तर आरक्षण कोणत्या वर्षी टाकले याची यादी समोर हवी. पिंपरी-चिंचवडच्या सुधारित आराखड्याचे प्रारूप मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातले प्रत्येक शाळेचे आरक्षण वरच्या इयत्तावार अंदाजाला जोडून पाहता येईल, आणि जिथे नववीची तूट आधी येणार तिथली जमीन आधी घ्यावी. चाकणकडे स्थिती अधिक नाजूक आहे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रारूप आराखडा २०२५ मध्ये रद्द झाला आणि त्याबरोबर त्यातली आरक्षणेही गेली. चाकणला स्वतंत्र महापालिका करण्याचे सूतोवाच त्याच वर्षी झाले. महापालिका होईल तेव्हा होईल. तोवर त्या गावांत खोल्यांच्या ओळी बांधायचे थांबणार नाही. गायरान आणि गावठाणालगतच्या शिल्लक सरकारी जमिनींपैकी माध्यमिक शाळेला पुरेल एवढी जमीन जिल्हाधिकाऱ्यांनी आजच नावावर टाकून ठेवावी, निदान महाळुंगे, कुरुळी आणि मेदनकरवाडीच्या बाजूला एकेक. आज तिथल्या पाचवीत बसलेली मुले चार वर्षांनी नववीत असतील.